गादीपतीच्या घरी खोक्यातली गादी

चपला, चष्मा, दातांची कवळी आणि गादी, एवढ्या वस्तू मोबाईलवर मागवणारा माणूस एकतर फार श्रीमंत असतो नाहीतर फार एकटा, असं गादीपतीचं ठाम मत होतं. कवळीचं तो जरा जोर देऊन सांगायचा. समोरच्या औषधवाल्याच्या सासऱ्याने खरोखरच ती मागवली होती, आणि बसवल्या दिवसापासून म्हातारा अष्टौप्रहर हसत होता. आनंदाने नव्हे, तोंड मिटेना म्हणून. एका मयताला गेला तर तिथेही हसतच बसला. घरच्यांनी शेवटी त्याला हाताला धरून बाहेर आणलं.

गादीपती हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचं गाद्यांचं दुकान. बाप गेल्यावर हा गल्ल्यावर बसला तेव्हा कोण्या टवाळाने ते नाव ठेवलं आणि ते पोटावरच्या चरबीसारखं चिकटलं ते चिकटलंच. दुकान लांबट, बोळासारखं. पुढे उशांचे ढीग, मग शिवणयंत्रावर बसलेला त्याचा जुना शिवणकर, ज्याला सगळे लोड म्हणत. कारण तो गोल होता आणि कशाला तरी टेकल्याशिवाय कधी दिसत नसे. त्याच्यामागे हिरवा पडदा आणि पडद्याआड भिंतीला लावलेले चार पलंग. एक कडक, एक मध्यम, एक मऊ आणि चौथा असा की त्यात बसलेल्या माणसाला वर काढायला दोघं लागत. तो फक्त नावडत्या गिऱ्हाइकांना दाखवायचा.

दुकानाचे कायदे कडक. घरची उशी काखेत मारून यायचं. पट्टा, पाकीट, चपला काढून घरी पडतो तसं पडायचं. चहा येईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. आणि सर्वांत मोठा कायदा, त्या गादीवर जेवढे झोपणार तेवढ्यांनी यायचं. एकट्याला विक्री नाही.

"गादी दोघांची आणि पसंती एकाची," गादीपती म्हणायचा, "म्हणजे भांडणाला घरजावई करून नेणं."

या कायद्यापायी त्याने बडी बडी गिऱ्हाइकं हाकलली. एका वकिलाने सांगितलं, बायको कामात आहे, तिच्या वतीने मी झोपतो. गादीपती म्हणाला, "साहेब, कोर्टात चालत असेल, इथे नाही." एक जोडपं असं आलं की पलंगावर पडल्या पडल्या त्यांचं मागच्या पाच वर्षांचं भांडण वर आलं. पडद्याआडून उशा उडायला लागल्या. दोघं वेगवेगळ्या दारांनी गेली असती, पण दुकानाला दार एकच. आणखी एक निवृत्त मास्तर होते. गादी बघायला म्हणून रोज दुपारी यायचे, मऊ पलंगावर तासभर घोरायचे आणि उठून म्हणायचे, "अजून नक्की होत नाही." गादीपतीने त्यांना कधी हटकलं नाही. उलट ते झोपले की गिऱ्हाइकांना पडदा जरासा सारून दाखवायचा. "बघा. असा माल आहे."

असा हा माणूस. साऱ्या गावाच्या पाठी याला पाठ. आणि घरी दिव्याखाली अंधार.

त्याच्या घरच्या पलंगावर कडक गादी होती. लग्न ठरलं तेव्हा त्याने ती स्वतःच्या हाताने भरली होती, आणि पुढे जेव्हा जेव्हा बदलली तेव्हा तशीच दुसरी आणून टाकली. बायकोला विचारायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही. आचारी कधी बायकोला विचारतो का, मीठ किती घालू म्हणून? पाठीला शिस्त पाहिजे, असं त्याचा बाप म्हणायचा. बाप मेला, शिस्त राहिली.

एके दिवशी दुपारी तो जेवायला घरी आला तर बैठकीत एक खोका उभा.

"काय गं, फ्रिज मागवलास?"

"गादी," बायको म्हणाली.

तो हसला. "एवढ्याशा खोक्यात गादी? उशीचं बाळंतपण झालं असेल."

बायकोने कात्री घेतली आणि आतल्या प्लॅस्टिकची शिवण उसवली. फुस्स करून आवाज झाला आणि ती वळकटी श्वास घ्यायला लागली. उलगडली, फुगली, पसरली, टीपॉय ढकलला आणि गादीपतीला मागे सारत सारत भिंतीला नेऊन लावलं. स्वतःच्या घरात एका गादीने त्याला कोपऱ्यात घेतलं.

"अगं, आपलं गाद्यांचं दुकान आहे!"

"दुकान तुमचं," बायको म्हणाली. "पाठ माझी."

आणि लेकीचं लग्न झाल्यापासून रिकामी पडलेली जी खोली होती, तिच्यात तिने ती गादी ओढत नेली. स्वतःची उशीही नेली.

बातमी गल्लीत जायला वेळ लागत नाही. खोका आणणाऱ्यानेच आधी औषधवाल्याकडे पत्ता विचारला होता. दुसऱ्या दिवशी औषधवाला दारात उभा. "काय गादीपती, वहिनी म्हणे ऑनलाइन झोपतात?" भाजीवाली ओरडली, "दादा, तुमच्याकडची गादी मोबाईलवर दिसत नाही का हो?" लोड तेवढा नुसता टेकून हसत होता, आणि त्याचं हसणं यंत्रातून कापडावर उतरून टाके वाकडे पडत होते.

नाक कापलं गेलं त्याचं दुःख चार दिवसांचं. खरं दुखणं वेगळं होतं. पलंगाची अर्धी बाजू मोकळी पडली आणि या माणसाची झोपच उडाली. कडक, मध्यम, मऊ, सगळं शास्त्र बाजूला राहिलं. कूस बदलली की हात रिकाम्या चादरीवर आपटायचा. तिने परत यावं एवढंच त्याला हवं होतं. पण "ये" म्हणायचं तर आपल्या गादीत खोट आहे हे कबूल करावं लागणार. ते जिभेवर येईना. मग सकाळी चहाच्या वेळी तो नुसताच विचारायचा, "काय, लागली का झोप?" आणि ती म्हणायची, "छान!" म्हणताना कमरेवर हात. चालणं असं, जसं कोणी मधोमध दुमडून ठेवलंय. गादीवाल्याच्या डोळ्यांना हे दिसत नव्हतं असं थोडंच आहे? खोक्यातली गादी मध्ये बसली होती. तिची परात झाली होती, आणि परातीत त्याची बायको.

पुढच्या आठवड्यात गोदामाची किल्ली घरी विसरली म्हणून तो अवेळी आला, तर आतून धापा टाकल्याचा आवाज. बघतो तो काय, लेकीच्या खोलीत गादी अर्धी गुंडाळलेली, तिच्यावर त्याची मेहुणी लाटण्यासारखी आडवी आणि बायको गुडघा रोवून दोरी आवळतेय. बाजूला तोच खोका आ वासून उभा. परत पाठवायची तर आली तशी खोक्यात भरून द्या, असं कंपनीचं म्हणणं. पण पोटातून बाहेर आलेलं पोर आणि प्लॅस्टिकमधून बाहेर आलेली गादी परत आत जात नाही. मेहुणी एक टोक दाबायची, दुसरं वर यायचं.

इथे गप्प बसला असता तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण तोंड आवरेल तो गादीपती कसला?

"लोडला पाठवू का?" तो दारातून म्हणाला. "त्याचं वजन कामाला येईल."

बायको ताडकन उठली. गादी संधी साधून फटकन उलगडली आणि मेहुणी घरंगळत कपाटापाशी गेली.

"कोण परत पाठवतंय?" बायको म्हणाली. "ऊन दाखवत होतो."

"खोक्यात?"

"मी हिच्यावरच झोपणार. मरेपर्यंत!"

मेहुणी कपाटापाशी बसूनच म्हणाली, "भावजी, तुमच्यासारखा शहाणा मी जन्मात बघितला नाही. किल्ली घ्या आणि निघा."

पण मेहुणी बारा गावचं पाणी प्यालेली. दोनच दिवसांनी सकाळी ती दुकानात हजर. काखेत उशी. मागे तिची ताई, म्हणजे गादीपतीची बायको, तिच्याही काखेत उशी. आणि नजर वरच्या पंख्याकडे, जणू पंखाच विकत घ्यायला आली आहे.

"भावजी, गादी पाहिजे."

"साडू कुठाय? एकट्याला विक्री नाही."

"तो बोटीवर. सहा महिने समुद्रात. तोवर माझ्याकडे ही येऊन झोपणार आहे. ही माझी जोडी. आता बोला!"

दुकानात एक नवं जोडपं उशा धरून बसलं होतं. ते कान टवकारून ऐकायला लागलं. बायको आता घरही सोडते की काय, असं गादीपतीला वाटून गेलं. पण कायदा त्याचाच. त्याने पडदा सारला. तोंडाला सवयीने जे यायचं तेच आलं.

"चपला काढा. झोपता कसं? पाठीवर की कुशीवर?"

"हे मला विचारताय?" बायको म्हणाली.

"ताई, सांग ना. सगळ्यांना विचारतात ते."

"कुशीवर. भिंतीकडे तोंड करून. दुसरीकडे जागा कुठे असते?"

नवी नवरी फसकन हसली. नवऱ्याने तिला कोपराने ढोसलं.

कडक गादीवर बायको पडली आणि लगेच उठली. "ही घरचीच फळी." मध्यमवर थोडी रेंगाळली. "बरी आहे. पाहुण्यांना." मग मऊवर पडली ती पडलीच. चहा आला, निवला. तिचे डोळे मिटलेले. दोन भुवयांच्या मधली ती आठी, जी गादीपतीला जन्मजात वाटत होती, ती गायब. तो बघतच राहिला. तेवढ्यात तिने एक दणदणीत घोरणं दिलं.

"आम्हाला हीच द्या," नवा नवरा बाहेरून म्हणाला.

गादीपती वाकला. आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "ही घरी पाठवू? आपल्या खोलीत?"

तिने एक डोळा उघडला. "गादीचं झालं. बाजूचं राहिलं."

"कसली बाजू?"

"भिंतीकडची मला नको. पोरगी रडली, दूध उतू गेलं, घरात घूस शिरली, दर वेळी मी तुमच्यावरून चढून उतरले. तुम्ही ओंडका! एकदा सरकला असाल तर शपथ."

"मग सांगायचं नाही का कधी?"

"गिऱ्हाइकाला विचारता, कोण कुठे झोपणार. मी कधी गिऱ्हाईक होते?"

गादीपतीला यावर चांगली तीन उत्तरं सुचली होती. तिन्ही त्याने गिळली. "चुकलंच," तो म्हणाला. हे एवढं मोठ्याने म्हणाला की बाहेर यंत्र थांबलं. मग त्याने चपला काढल्या, पट्टा काढला. "सरक. नको, सरकू नकोस. तू बाहेरच्या बाजूला. मी आत जाऊन बघतो."

मेहुणीने पडदा ओढून घेतला आणि स्टुलावर बसून त्याचा चहा पिऊन टाकला.

मग पलंग करकरला.

"अहो, गुडघा! गुडघा!"

"मग जरा उठ की!"

"मी उठू? तुम्ही उठायचात का?"

"अगं, पण पाय कुठे टाकू?"

"मी कुठे टाकत होते? शोधा!"

नव्या जोडप्याने एकमेकांकडे बघितलं. नवरी हळूच म्हणाली, "आपल्याकडे भिंतीकडे तू हं." नवऱ्याने मान डोलावली.

"मालक कामात आहेत का?" त्याने लोडला विचारलं.

"ट्रायल चाललीय," लोड म्हणाला.

पडद्याआडून गादीपतीचा आवाज आला, दबलेला, पण बऱ्याच दिवसांनी खुशीतला. "लोड, मऊवाली घरी पाठवायला बांधायला घे. आणि आधी कोणीतरी मला इथून काढा."