मावशींच्या पानातलं मीठ

नर्मदामावशी स्वतः केलेली आमटी कधी चाखत नसत. भोसरीत त्यांची खानावळ होती आणि कारखान्यांत राबणारे आम्ही सडेफटिंग त्यांचं गिऱ्हाईक. शिफ्ट सुटून जो पहिला दारात येई, त्याच्या तळहातावर त्या पळीतली थोडी आमटी घालत आणि तोंडाकडे बघत राहत. "खरं सांग लेकरा, तोंडदेखलं नको." मी एकदा "झकास!" म्हणालो, तर म्हणाल्या, "झकास राहू दे. मीठ पुरलं का, तेवढं सांग."

त्या मूळच्या बीडकडच्या. नवरा गेल्यावर या खानावळीवरच त्यांनी गणेशला वाढवलं होतं. पुढे बीपीचं दुखणं लागलं, डॉक्टरांनी मीठ बंद करायला सांगितलं आणि मावशींनी ते देवापुढे सोडावं तसं सोडलं. आम्हाला चमचमीत वाढून झालं, की त्या कोपऱ्यात बसून भाकरीवर अळणी वरण घेत.

पण बीपी काही उतरेना. गोळ्या वाढल्या, तरी आकडा तिथंच. शेवटी डॉक्टर गणेशसमोरच म्हणाले, "मावशी, तुम्ही चोरून खाताय." झालं! खानावळवाली बाई मीठ चाखत नाही, हे गल्लीत कोणाला पटणार? गणेश आईवर जीव टाकणारा. तिला काही होईल या धास्तीनं त्यानं मिठाची बरणी कपाटात ठेवून कुलूप घातलं. कामावर जाताना आमटीपुरतं मीठ तो वाटीत काढून देई आणि मावशी मान खाली घालून ती वाटी घेत. मला ते बघवत नसे.

"मी चोर न्हाई रे," त्या एकदा मला म्हणाल्या. "मरायचं भ्या न्हाई. पर पोटच्या लेकानं खोटं धरलं, ते सोसत न्हाई."

पुढे भाकरी थापताना त्यांच्या हातात पेटके येऊ लागले, पाय उचलेनात. वय झालं, असं म्हणून आम्ही सगळे मोकळे झालो. एका सकाळी त्या शेगडीपाशीच कोसळल्या. मेंदूत रक्तस्राव झाला होता. पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात बऱ्याच तपासण्या झाल्या. मग तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गणेशला समोर बसवून सांगितलं, "मूत्रपिंडाच्या वर एक छोटी ग्रंथी असते. आईंच्या त्या ग्रंथीत गाठ आहे. ती नको तितकं संप्रेरक सोडते. मग शरीर मीठ धरून ठेवतं, बीपी चढतं आणि हातापायांतली ताकद जाते. कितीही पथ्य पाळलं तरी नुसत्या पथ्यानं हे आटोक्यात येत नाही. आधी कळलं असतं तर इलाज होता."

गणेश धावतच आत गेला. "आई, तू खरं बोलत होतीस गं!" मावशींची वाचा गेली होती, डोळे मिटलेले होते. त्यांनी ऐकलं की नाही, देव जाणे. त्याच आठवड्यात त्या गेल्या.

तेराव्याला त्यांच्या नावाचं पान वाढलं. गणेशनं कपाटाचं कुलूप काढलं, बरणी आणली आणि पानात चिमूटभर मीठ वाढलं. त्याची आत्या हळूच म्हणाली, "आरं, निवदाच्या पानात मीठ वाढत न्हाईत."

"ठाव हाय आत्या," तो म्हणाला, "पर हे आईचं पान हाय."

बरणी त्यानं पानाशेजारीच उघडी ठेवली आणि मग तिथंच बसून लहान लेकरासारखा रडला.