धुऱ्यावरून गेलेला करंट

मोर्शीच्या त्या चहाटपरीवर परराष्ट्र खातं पुंजारामभाऊंकडे होतं. त्यांना ते कोणी दिलं नव्हतं, पण काढून घ्यायची कोणाची छातीही नव्हती. त्या दिवशी पेपर आपटून ते गरजले, "नेपाळच्या नदीचा करंट बांगलादेशात जाऊन राहिला अन् तार कोनाची? आपली! मधातल्या देशाचं मन मोठं पाह्यजे, बावा!" शेजारच्या दुकानात साखर घेणाऱ्या सत्यभामावहिनींनी हे ऐकलं आणि घर गाठलं.

वहिनींच्या शेताची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, आठ दिवसांपूर्वी जळाली होती. विहिरीत पाणी होतं, पण मोटार बंद आणि आंबिया बहाराची संत्री गळत होती. इनायतुल्लाभाईंची डीपी वेगळी. ते करंट द्यायला तयार होते. पण मधात वावर होतं पुंजारामभाऊंचं. भाई आणि भाऊ शाळेपासूनचे जोडीदार, आणि धुऱ्यावरची बाभूळ कोणी तोडली यावरून सहा वर्षं अबोला धरून बसलेले. बाभूळ वादळात पडली होती, हे त्या दोघांना सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. काही सांगायची वेळ आलीच, तर ते मधल्या बांधाला, म्हणजे धुऱ्याला, सांगत.

दुसऱ्या सकाळी इनायतुल्लाभाई वायरचं बंडल खांद्यावर घेऊन वहिनींसोबत बांधाशी आले. पलीकडे पुंजारामभाऊ उभे होते. "धुऱ्या, सांग त्याले, वहिनीच्या बागेले करंट द्याचा हाय."

"धुऱ्या, सांग त्याले, माह्या वावरातून त्याची तार जानार नाही!"

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "काल मी दुकानात होती. मधातल्या देशाचं मन कसं पाह्यजे म्हने?"

परराष्ट्र खात्यानं पलीकडे वहिनींच्या बागेकडे पाहिलं. झाडांखाली हिरव्या फळांचा सडा पडला होता. ही झाडं लावताना खड्डे खणायला तेही होते. त्यांना खरंच वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की ते चिडतात.

"जाऊ द्या तार! पन मधातला देश फुकटात जाऊ देत नाही. काही ना काही घेतेच."

इनायतुल्लाभाई खाली वाकले. "धुऱ्या, इचार त्याले, काय पाह्यजे?"

"पह्यले त्या धुऱ्याशी बोलनं बंद कर!" भाऊ ओरडले. "माह्याशी बोल!"

इनायतुल्लाभाईंनी बंडल खाली ठेवलं. वायरचा पीळ उलगडून एक टोक बांधावरून पुढे केलं.

"मंग धर हे टोक, पुंज्या."