केशवराव आणि पंधरा सेंटची नोट

आमचे धरमपेठेतले शेजारी केशवराव जुन्या अमेरिकन नोटा जमवतात. तिकडे यादवी युद्धात नाणी दिसेनाशी झाली, तेव्हा सरकारनं सेंटांच्या चिमुकल्या कागदी नोटा काढल्या होत्या. त्यांतली पंधरा सेंटची पहिली नोट कधी चलनात आलीच नाही. नुसते नमुने निघाले, तेही पुढची बाजू एका कागदावर आणि मागची दुसऱ्यावर.

मागची बाजू केशवरावांकडे, पुढची कामठीच्या प्रेमानंदांकडे. एकाच प्रदर्शनात, विक्रेत्यासमोर भांडून दोघांनी एकेक उचलली होती. मग दर रविवारी प्रेमानंद यायचे आणि दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवले जायचे.

"नुसती पाठ ठेवून काय करतो गा? देऊन टाक मले."

"तू मेल्यावर तुझीच मी घेईन."

"घेजो. पण हात धुऊन घेजो!"

दिवाळीनंतर प्रेमानंद झोपेतच गेले. काही दिवसांनी त्यांच्या पत्नी शोभाताई केशवरावांकडे आल्या. मी तिथेच बसलो होतो. त्यांनी पर्समधून प्रेमानंदांची नोट काढली.

"भाऊजी, त्यायनं सांगून ठेवलं होतं, हे केशवलेच द्यायचं. कागद खूपच नाजूक. म्हटलं, फाटला तर तुमाले काय तोंड दाखवू? म्हणून लॅमिनेशन करून आणलं."

गरम प्लास्टिक एकदा कागदाला चिकटलं की सुटत नाही. संग्राहकाच्या लेखी तो कागद संपला. नोटेवर कुणाचा श्वास पडलेला न खपणारे केशवराव ती दोन्ही हातांत धरून उभेच राहिले.

"काही चुकलं का माह्या हातून?"

"नाही वहिनी. चांगलं केलं."

आवाज इतका खाली गेला होता की मलाच बोलणं चहाकडे वळवावं लागलं.

शोभाताईंना जोडी बघायची होती. केशवरावांनी आपला कागद आणून शेजारी ठेवला. एक चकचकीत, एक मळका.

"तुमचाही करून घ्या ना भाऊजी. एकसारखे दिसतीन."

"हो," ते म्हणाले. शोभाताईंचं मन राखायला म्हणाले असतील, असं मला वाटलं.

परवा गेलो तर टेबलावर दोन्ही कागद प्लास्टिकमध्ये.

"उद्या वहिनी जेवायला येऊन राहिल्या," केशवराव म्हणाले. "माहा तसाच दिसला तर विचारतीन, काहून नाही केला म्हणून. मग त्यायले काय सांगू मी?"