प्रमोदभाऊंची गाडी पुन्हा डाऊन!

बॅटरीच्या दुकानातल्या जुन्या बॅटऱ्या भंगारवाला नेतो, किस्से मात्र कुणी नेत नाही. ते साचतच जातात! दिग्रसला माझं बॅटरीचं दुकान आहे. बाकी गिऱ्हाईक तीन वर्षांतून एकदा तोंड दाखवतं. कापसाचे व्यापारी प्रमोदभाऊ दर महिन्याला येतात आणि माझे निम्मे किस्से त्यांच्या एका गाडीचे आहेत.

*

भाऊंनी घरची शेवटची बैलजोडी विकली, गोठ्याला टाइल्स बसवल्या आणि पुण्याहून सेकंडहँड स्पोर्ट्स कार आणली. लालभडक, दोन सीटची, कमरेएवढी उंच. ट्रकवरून आली. खाली उतरवली तर बॅटरी डाऊन!

भाऊंची माय ओवाळायला ताट घेऊन दारात उभी होती. बैल विकल्याचा राग अजून गेला नव्हता.

"ट्रकवर बसून आली? आपले बैल वावरातून चालत येत. जे आपल्या पायानं दाराशी येईन, त्यालेच मी ओवाळीन!"

ताट घेऊन माय आत गेली. सारं दिग्रस गाडी पाहून गेलं, पण भाऊंचा जीव त्या ताटात अडकला. मायनं एकदा ओवाळलं पाहिजे, बस!

*

पहिल्या वेळी मला बॅटरीच सापडली नाही. ती पुढच्या डिकीत. डिकी उघडते बटणानं आणि बटण चालतं बॅटरीवर! कपाटाची किल्ली आत ठेवून कपाट लावावं, तसा प्रकार. भाऊंनी चारशे पानांचं इंग्रजी पुस्तक माझ्या हातात दिलं.

"भाऊ, बॅटरी कोणत्या पानावर आहे?"

"मले काय माहीत सलीमभाई? मी फक्त गाणे लावाचं पान वाचलं!"

*

"भाऊ, रोज दहा किलोमीटर फिरवत जा. उभ्या उभ्या बॅटरी उतरते," मी सांगितलं.

"फिरवू कुठं? गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक हाय. गाडीचं पोट घासते!"

म्हणून भाऊ रोज संध्याकाळी गोठ्यातच गाडीत बसत. एसी चालू, गाणी चालू, शेजारी एक पाहुणा. अर्ध्या तासाचा प्रवास करून दोघं जिथल्या तिथं उतरत.

गतिरोधक कमी करा, असा अर्जही भाऊंनी नगरपालिकेत दिला. चार महिन्यांनी माणसं आली आणि त्यावर पांढरे पट्टे मारून गेली. साहेब म्हणाले, "आता दिसते तरी!" शेवटी भाऊंनी गतिरोधकावर टाकायला दोन फळ्या करून घेतल्या.

*

मग मी गाडीला कायम लावून ठेवायचा चार्जर दिला. आठ दिवसांत गाडी पुन्हा डाऊन! जाऊन पाहतो तर चार्जरची पिन काढलेली आणि तिथं मायचा मिक्सर.

"माय, पिन काहून काढली?"

"बैल कडबा खाये, पण काम करे. हे तं घरी बसून वीज खाऊन राह्यली!"



*

एका नेत्याला रस्त्याच्या उद्घाटनाला याच गाडीतून जायचं होतं. हार, गाणी, दिवे, सतत हॉर्न आणि चालण्याचा वेग. फीत दहा पावलांवर असताना गाडी बंद!

आम्ही सहा जणांनी ढकलली. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो: 'लाडक्या नेत्याचा रथ कार्यकर्त्यांनी ओढला.' आमच्यातले दोघे विरोधी पक्षाचे होते!

*

मग आला पोळा. आदल्या दिवशी मी नवी कोरी बॅटरी बसवून दिली. भाऊंचा बेत पक्का होता. मैदानातून लोकांचे बैल घरोघरी जातील, तेव्हा आपली गाडीही दाराशी न्यायची. माय शेजाऱ्यांच्या बैलांसाठी ताट घेऊन दारात असतेच.

फळ्यांवरून गाडी मैदानात आली. शिंगांना बेगड लावलेल्या बैलांच्या रांगेत भाऊंनी ती उभी केली. दोन तास लोक आत बसून, दिवे लावून सेल्फी काढत होते. पोळा फुटला, बैल घरोघरी निघाले आणि भाऊंनी बटण दाबलं. टक!

दुसरी गाडी जवळ आणून चालू करावी, तर चारी बाजूंनी बैल. भाऊ एका शेतकऱ्याला म्हणाले, "काका, तुमची जोडी जुंपा. घरापर्यंत ओढू."

"आज? पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवू? काही लाज हाय का?"

भाऊंनी गाडीला दोर बांधला आणि स्वतःच्या खांद्यावर घेतला. मी गिअर मोकळा केला, एका पोराला स्टीअरिंगवर बसवलं आणि दोघांना घेऊन मागून ढकलू लागलो. इस्त्रीचा पांढरा सदरा घामानं पाठीला चिकटला. गतिरोधकावर भाऊंचा पाय घसरला, गुडघा फुटला, पण त्यांनी दोर सोडला नाही.

दारात माय उभी होती. तिनं गाडीकडे पाहिलं नाही. भाऊंच्या खांद्यावरचा दोराचा वळ पाहिला. मग तांब्या वाकवून त्यांच्या पायांवर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं, ओवाळलं आणि पुरणपोळीचा घास तोंडात कोंबला.

"माय, मले नाही, गाडीले..." भाऊ भरल्या तोंडानं म्हणाले.

"खाय गुमान. आपल्या पायानं कोण आलं?"