दारात कोण आलं हे ओळखणारे वायाळ सर

वायाळ सरांची आणि माझी ओळख एका नारळामुळे झाली. नव्वदच्या दशकात जुन्नरच्या आमच्या महाविद्यालयात पहिला संगणक आला, तेव्हा मी ग्रंथालयात नुकतीच लागले होते. संगणकाला हार घातला, कुंकू लावलं. प्राचार्य नारळ फोडायला सरसावले, तसे भौतिकशास्त्राचे एक सडपातळ शिक्षक मध्येच आडवे आले आणि नारळाचं सगळं पाणी त्यांच्या सदऱ्यावर सांडलं. "याला पाणी चालत नाय, साहेब," एवढंच ते म्हणाले, आणि ओल्या सदऱ्यानेच पेढे वाटायला लागले.

पुढे महाविद्यालयाचं संकेतस्थळ सरांनीच उभं केलं. विद्यार्थ्यांची पानं त्यांनी कुलूपबंद ठेवली, म्हणजे मधल्या कुणाला ती वाचता येऊ नयेत. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे. तरी सर न कंटाळता सांगत. गुप्त बोलणं सुरू होण्याआधी ब्राउझर दारातच सांगतो, की मला अमुक अमुक कुलपं चालतात, आधी ही, मग ती. पुढचं सगळं झाकलेलं, पण ही पहिली ओळख उघडी. आणि कुलपं सांगायचा क्रम ज्याचा त्याचा.

"पाव्हणा दारात चपला कशा काढतो त्यावरनं कुठल्या घरचा ते कळतं का नाय, बाई? तसंच हे. नाव खोटं सांगंल, पण सवय लपत नाय."

असली विद्या हाती आली की माणसाला चौकशीची चटक लागते. सरांना ती लागली नाही. एकदा कुणीतरी संकेतस्थळावर निनावी तक्रार टाकली. व्यवस्थापनातले एक गृहस्थ तावातावाने आले, "वायाळ, कोण आहे तो, सांगा." सर म्हणाले, "ब्राउझर कोणता ते सांगतो. माणूस कळत नाय. अन् कळला असता तरी सांगितला नसता." त्यानंतर बरेच दिवस शिक्षक-खोलीत सरांच्या शेजारची खुर्ची रिकामी असे. 

आता जे लिहिते आहे, ते सरांना विचारून लिहिते आहे. त्यांचा मुलगा मंदार पुण्यात अभियांत्रिकी शिकत होता. शिक्षण अर्धवट टाकून तो आळ्याला, सरांच्या गावी, घरी आला, तेव्हा सर संतापाच्या भरात म्हणाले, "शिकून ये, न्हाई तर येऊ नको." पोराने बापाचा शब्द खरा केला. पत्ता नाही, फोन नाही.

वर्षभराने सर ग्रंथालयात आले आणि खुर्ची ओढून बसले. मंदारने पूर्वी एका सुट्टीत घरी बसून स्वतःचा एक ब्राउझर बांधला होता. त्याचा कुलपांचा क्रम जगावेगळा, सरांना पाठ असलेला. "कालपास्नं तो क्रम आपल्या संकेतस्थळाच्या दारात येतोय, बाई," ते म्हणाले. तो कुठून येतो याचा माग काढा, असं मी म्हटलं. ते नाही म्हणाले. "न बोलता येतोय, तर न बोलता येऊ द्या."

मग सरांनी संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर 'गावाकडचं' असा एक कोपरा सुरू केला. डिंभे धरणाचं पाणी कालव्याला सुटलं, आईच्या गुडघ्याचं दुखणं कमी आहे, पाडाला आलेले आंबे माकडांनी नेले. मुलं हसत. तो क्रम मात्र येत राहिला. वहिनी, म्हणजे मंदारची आई, विचारायच्या, "आला व्हता का?" सर म्हणत, "येऊन गेला."

आणि एक दिवस तो यायचा थांबला. मशीन बदललं असेल, बाजारातला ब्राउझर घेतला असेल, किंवा आणखी काही. बाजारातल्या ब्राउझरची ओळख लाखोंसारखीच, त्यात एकटा कसा सापडावा? सर इतके एकटे मी त्याआधी पाहिले नव्हते. काही दिवसांनी तेच म्हणाले, "आता येणारा कुणीबी त्यो असू शकतो, बाई." तेव्हापासून पासवर्ड विसरलेल्या मुलालाही सर आधी विचारतात, जेवलास का, घरी बरं आहे ना. डिंभ्याचा एक विद्यार्थी मला म्हणाला, "सर लई मायेनं बोलत्यात. आमी मुद्दाम पासवर्ड विसरतो."

सर साठ वर्षांचे होत आहेत. त्यांना उदंड आयुष्य लाभो, असं लिहिताना माझा हात अडतो. वाट पाहणाऱ्याला आयुष्य उदंडच वाटतं. त्यांची प्रकृती धडधाकट राहो आणि पुढची वर्षं भरल्या घरात जावोत, एवढंच मागते.

साठीनिमित्तचा हा गौरवग्रंथ संकेतस्थळाच्या त्याच पानावर ठेवायचा ठरला आहे. शेवटी मंदारला मीच दोन शब्द लिहिणार होते, पण सरांनी अडवलं. "येऊ नको मी म्हणालो व्हतो. ये म्हणायचं काम माझं हाय." म्हणून पुढच्या ओळी त्यांच्या आहेत.

मंदार, त्या दिवशी मी चुकीचं बोललो. ये. आम्ही घरीच असतो.