भांड्यांवर नावं घालणारा माझा मित्र

आलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवण्यात मनापासून आनंद मानणारा दुकानदार अख्ख्या जबलपुरात एकच असेल, आणि माझ्या नशिबाने तो माझा शाळेतला मित्र आहे. कांचघर भागात त्याचं टॅटूचं दुकान आहे. पूर्वी त्याच जागी बसून तो स्टीलच्या भांड्यांवर नावं घालत असे. आमच्या मराठी घरांतल्या ताटवाट्या सत्यनारायणाला, हळदीकुंकवाला दहा घरी फिरून मुकाट्याने आपापल्या फडताळात परत येत, त्या याच्या अक्षरामुळे. पुढे लोक भांड्यांवर नावं घालेनासे झाले आणि अंगावर घालू लागले, तेव्हा यानेही मशीन बदललं. सवयी मात्र भांड्यांच्याच राहिल्या. पहिला टॅटू त्याने स्वतःच्या हातावर काढला: 'सौ.'सकट बायकोचं नाव, खाली लग्नाची तारीख, त्याखाली 'जबलपूर'. वहिनी कित्येक दिवस बोलल्या नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की मी काय लग्नात आलेली परात आहे?

त्याचा नियम असा, की सुई लावण्याआधी नक्षी बॉलपेनने काढायची आणि सांगायचं, "आठ दिवस हिंडून या." तोवर पेन पुसलं जातं, मग पुन्हा काढायचं. एवढ्या अवधीत निम्मी गिऱ्हाइकं एसीवाल्या दुकानांत जाऊन रंगून येतात, आणि याला त्याचं काही नाही. एका पोराला मानेवर प्रेयसीचं नाव हवं होतं. त्याला याने इतकं हिंडवलं, की शेवटी तो आला तो वेगळंच नाव घेऊन. "वाचला बिचारा," असं हा मला सांगत होता, जणू पोरगा नर्मदेत बुडता बुडता यानेच बाहेर ओढला. शिवाय हातात मशीन आलं की समोरची बाई कोणीही असो, ती याची 'दीदी' होते. शाळेत माझ्या वहीतून गणितं उतरवणारा हा माणूस मलाही दीदी म्हणाला, तेव्हा मला एकदम फार वय झाल्यासारखं वाटलं.

मला गोंदायचं होतं ते आईच्या हातावरचं. मनगटाच्या वर छोटं तुळशीवृंदावन, शेजारी ठिपके. तिच्या लहानपणी विदर्भातल्या गावी गोंदणारीने काढलेलं. आई आता मला ओळखत नाही. तिला न्हाऊ घालणं, भरवणं, ऑफिस, पुन्हा भरवणं, यात मी इतकी दमले होते की रविवारची भीती वाटायची. मनात एक वेडी आशा होती, की स्वतःची नक्षी माझ्या हातावर दिसली तर तिला काहीतरी आठवेल. आई दिवसेंदिवस उतरत चालली होती आणि हा मला हिंडून ये म्हणत होता. माझ्या सांगण्यावरून तो वृंदावन काढायचा आणि घरची भांडी घासताना ते वाहून जायचं. शेवटी मी चिडून सांगितलं, की बाबा रे, आईजवळ तेवढे आठवडे नाहीत.

तेव्हा तो नक्षी नीट उतरवून घ्यायला गढा भागातल्या आमच्या घरी आला, आणि आईने त्याला ओळखलं. मला नाही, त्याला. भांड्यावर नाव टाकणारा तो तूच ना, म्हणत तिने हात पुढे केला. तो हात ती मला पुसूही देत नसे. त्याने सुरकुत्या हलकेच ताणून धरल्या आणि पातळ कागदावर वृंदावन उतरवून घेतलं. आई माझ्याकडे बोट दाखवून त्याला म्हणाली, "ही बाई कोण आहे रे? दिवसभर इथंच राहते."

मी ताटं उचलून स्वयंपाकघरात गेले. तो तिला सांगत होता ते तिथे ऐकू आलं. "तुमचीच आहे जी, काकू. नाव घालायचं राहून गेलं, म्हणून ओळखू येऊन नाही राहिली. मी घालून देतो."

त्यानंतर त्याने मला हिंडवलं नाही. दुसऱ्याच दिवशी दुकानाचं शटर अर्धं ओढून कामाला बसला. आईचं वृंदावन एका बाजूला कललेलं आहे. मी म्हटलं, माझं तरी सरळ कर. तो म्हणाला, "काहून? काकूनं तेव्हा रडून हात हलवला असेल. तसंच राहू दे." काम संपल्यावर त्याने तेवढं, तारीख घालू का, असं विचारलं आणि मी नको म्हटल्यावर थोडा खट्टू झाला.

खपली पडल्यावर मी हात आईसमोर धरला. तिने बराच वेळ पाहिलं. माझं नाव काही तिच्या तोंडी आलं नाही. नुसतं बोट फिरवत राहिली, मग म्हणाली, "लय दुखलं काय, बाई?" आणि हातावर फुंकर घातली.

दुसऱ्या दिवशी आभार मानायला म्हणून त्याच्या दुकानी गेले. रस्ताभर चांगलंसं वाक्य जुळवलं होतं. त्याने आधीच विचारलं, "ओळखलं काकूनं?" मी नाही म्हटलं, आणि ती काय म्हणाली ते सांगितलं. त्याने मशीन खाली ठेवलं. "हे तर मी बी नाही विचारलं तुले," तो म्हणाला. दीदी म्हणायचं विसरला होता.

माझं वाक्य तसंच राहिलं. किती काळात मला कोणी दुखलं का म्हणून विचारलं नव्हतं, ते तिथे स्टुलावर बसल्यावर कळलं. त्याने पंखा माझ्याकडे वळवला, चहा सांगून येतो म्हणाला, आणि मला पुरेसं रडता यावं म्हणून बराच वेळ परत आला नाही.