सगळ्या विषयांना चालणारा समारोप

शेवगावच्या ज्या कॉलेजात मी मराठी शिकवतो, तिथे निबंधाचा समारोप मी वर्षानुवर्षं फळ्यासमोर उभा राहून लिहून देत आलो. 'थोडक्यात, अशिक्षित पालकांची उदासीनता हेच या समस्येचे मूळ असून शासन व समाज यांनी एकत्र येणे ही काळाची गरज आहे.' व्यसन, बालविवाह, कॉपी, विषय कुठलाही द्या, हा बसायचाच. मुलं घोकायची, मार्क पडायचे, आणि मी मिशीतल्या मिशीत हसायचो.

यंदाच्या हिवाळ्यात शेवटच्या वर्षाचे प्रकल्प-निबंध तपासत होतो. एका मुलीने ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांच्या शाळेवर लिहिलं होतं. ती स्वतः तशाच घरातली. दिवाळी झाली की अर्धा वर्ग कसा रिकामा होतो, गावात सांभाळायला कुणी नाही म्हणून आईबापांबरोबर कोपरगावकडच्या उसाच्या फडावर गेलेली ती पाढे कशी विसरली, परत आल्यावर मागच्या बाकावर कशी बसली. आई पाचटाच्या कोपीत चुलीपुढे बसवून तिच्याकडून बाराखडी म्हणून घ्यायची, तेही होतं. मी पेन खाली ठेवून वाचत राहिलो. इतकं चांगलं माझ्या वर्गात कुणी लिहिलं नव्हतं.

पान उलटलं आणि सुन्न झालो. शेवटी माझाच परिच्छेद होता. उदासीन पालकांसकट, शब्दाला शब्द.

तिला स्टाफरूममध्ये बोलावलं. आधी चिडलो तिच्यावरच, खोटं कशाला बोलू.

"यातलं एक तरी वाक्य तुझ्या पानांतून निघतं का?"

"न्हाई, सर."

"मग लिहिलंस कशाला?"

"तुमीच दिलंय की. सगळ्यांनी त्येच लिवलंय. मार्क जात न्हाईत."

मग खाली बघत म्हणाली, "आई फडावर हाय. परवा फोनवर तिला समदं वाचून दावलं. बाराखडीचं आलं तवा लई हसली. शेवटचं मातर दोनदा वाचाया लावलं. म्हनली, सरांना इचार, आमी काय करायला पायजे हुतं?"

समारोपात तेवढंच सांगायचं जेवढं आधीच्या पानांनी दाखवलंय, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. शिकवायचा कंटाळा केला होता, बस्स.

तो परिच्छेद मी तिला खोडायला लावला. ती तिथेच बसून लिहू लागली: 'पालक उदासीन नाहीत. मुलांना मागे ठेवायला त्यांच्याकडे गावात माणूस नाही.' दोनच वाक्यं, पण अख्खा निबंध त्यात आला.

"आता हे आईला वाचून दाखव," मी म्हणालो.

"तुमीच सांगा, सर. आधीचं तुमचं हुतं." तिने नंबर लावून मोबाईल माझ्या हातात दिला.

तासभर चिठ्ठीशिवाय बोलणारा मी, पण आधी वाक्य मनात जुळवून घेतलं. "ताई, तुमचं काही चुकलेलं नाही. ते वाक्य माझं होतं. मीच चुकीचं लिहून दिलं."

पलीकडे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मग तिची आई म्हणाली, "खोडलं का, सर?"

"खोडलं."

"आन् बाकीच्या पोरांच्या वहीतलं?"

टेबलावर बाकीच्या वह्यांचा गठ्ठा होता. त्यातल्या निम्म्या मुलांचे आईबाप त्या घडीला फडावर होते.